ठिपक्यांचा हिशेब : शिळाप्रेसपासून पिक्सेलपर्यंत

स्मरणिका म्हटली की तिच्यात छायाचित्रे ही आलीच. अध्यक्षांचे मनोगत, कार्यवाहांचा अहवाल, लेख आणि कविता हे सारे वाचक सवडीने वाचतो. परंतु अंक हाती पडताच तो प्रथम पाने चाळतो ती छायाचित्रांसाठी. त्यांत तो स्वतःचा, आपल्या वडिलांचा, किंवा कधीकाळी जिन्यात भेटणाऱ्या कोणा काकांचा चेहरा शोधत असतो. संस्था पन्नास वर्षांची झाली म्हणजे या शोधाला वेगळेच मोल येते. आर. के. पुरम ही मुळात केंद्र सरकारच्या नोकरवर्गाची वसाहत. येथे क्वार्टर मिळते, घर मिळत नाही. बदलीचा हुकूम आला किंवा निवृत्तीची तारीख उलटली की सामान बांधावयाचे आणि दारावरची पाटी उतरवावयाची, हा येथील शिरस्ता. शेजारच्या सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर, मोहम्मदपूर आदी सात वसाहतींच्या पुनर्विकासास केंद्र शासनाने २०१६ साली मंजुरी दिली आणि त्यानंतर तेथील जुन्या क्वार्टर्सच्या रांगाच्या रांगा भुईसपाट झाल्या. ज्या गच्चीवर कोजागरीचे दूध आटले, ज्या हिरवळीवर मुलांची नाटुकली झाली, ती जागा पुढच्या पिढीला बोट करून दाखविता येईलच असे नाही. अशा वेळी जे उरते ते छायाचित्र.

म्हणूनच छायाचित्र छापले असता स्पष्ट उमटते की धूसर, हा प्रश्न आम्हांस केवळ छापखान्याचा वाटत नाही. हल्ली छायाचित्रे येतात ती मोबाइलवरून. मोबाइलच्या काचेवर ती आरशासारखी लख्ख दिसतात आणि तीच कागदावर आली की चेहऱ्यांच्या जागी पुसट डाग उमटतात. मग दोष मुद्रकाला दिला जातो. पुष्कळदा मुद्रक बिचारा निर्दोष असतो. दोष असतो तो ठिपक्यांच्या संख्येत. हा ठिपक्यांचा हिशेब संगणकाबरोबर जन्मास आला, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तो संगणकाहून बराच जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात मराठी माणसाचाही वाटा आहे. तो इतिहास थोडक्यात सांगावा आणि त्यातून आजच्या उपयोगाचे चार नियम हाती लागतात का ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तेव्हा येथील गणित चौथीच्या गुणाकार-भागाकारापलीकडे जाणार नाही, याची वाचकांनी खात्री बाळगावी.

शिळा आणि हात

मराठी मुद्रणाच्या आरंभकाळात चित्र छापण्याचे मुख्य साधन म्हणजे शिळाप्रेस. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियातील आलोइस सेनेफेल्डर याने असे पाहिले की, विशिष्ट चुनखडी दगडावर तेलकट खडूने रेघ ओढली आणि दगड ओला केला, तर शाई रेघेवर बसते आणि ओल्या भागावर बसत नाही. एवढ्या साध्या तत्त्वावर सारी शिळामुद्रणाची कला उभी राहिली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली छापील पंचांग काढले ते याच पद्धतीने. पुढे १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली, आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे मराठी घरांच्या भिंतींवर चढली. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला राजा रविवर्म्याचा छापखाना १८९९ साली लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला, आणि तेथील लक्ष्मी व सरस्वती अवघ्या हिंदुस्थानच्या देव्हाऱ्यांत पोहोचल्या.

या छपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे. गालावरची छाया किंवा वस्त्राची चुणी दाखवावयाची तर कारागीर शिळेवर हाताने बारीक बारीक ठिपके देई; दाट ठिपके म्हणजे गडद छाया आणि विरळ ठिपके म्हणजे उजेड. ठिपक्यांतून चित्र घडविण्याची युक्ती तेव्हाही होतीच, मात्र ठिपके मोजणारा आणि मांडणारा माणसाचा हात होता. चित्र मोठे हवे असेल तर मोठ्या शिळेवर ते पुन्हा काढावे लागे. ही चित्रे काढणाऱ्यांच्या कौशल्याविषयी संशय नाही. पण त्यांना एक गोष्ट साधणारी नव्हती. छायाचित्र जसेच्या तसे छापणे या पद्धतीच्या आवाक्यात सहजी येत नव्हते.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. छायाचित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या असंख्य छटा असतात. छपाईच्या यंत्रावर मात्र काळी शाई एकच. ती एखाद्या जागी लागते तरी किंवा लागत नाही तरी. अर्धवट लागणे तिला ठाऊक नाही. मग करडा रंग आणावा कोठून?

जाळीचा शोध

या प्रश्नाचे व्यवहारात टिकणारे उत्तर म्यूनिकच्या गेऑर्ग माइझेनबाख याने १८८२ साली पेटंट घेऊन दिले. पुढील दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंनी त्याला सफाई आणली. दोन काचांवर अत्यंत बारीक समांतर रेघा कोरावयाच्या आणि त्या काचा एकमेकींवर अशा चिकटवावयाच्या की रेघा काटकोनात छेदतील. झाली जाळी! या जाळीतून मूळ छायाचित्राचा पुन्हा फोटो घेतला की त्याचे ठिपक्यांत विघटन होते. जेथे उजेड तेथे छापताना ठिपका मोहरीएवढा, जेथे अंधार तेथे तो फुगून शेजाऱ्याला भिडलेला. ठिपके सारे काळेच. पण हातभर अंतरावरून डोळा त्यांची सरमिसळ करतो आणि त्याला करडी छटा दिसते. हे ठिपके जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला की तयार होई तो ‘हाफटोन ब्लॉक’. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण छपाईत अशी अक्षरशः खरी झाली.

आपल्या देशात या विद्येचा सखोल अभ्यास प्रथम केला तो कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी. १८९५ साली त्यांनी स्वतःचा ब्लॉक तयार करण्याचा व्यवसाय थाटला, आणि जाळीच्या गणितावरील त्यांचे लेख लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात प्रसिद्ध झाले. योगायोग असा की, काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मनोरंजन’ मासिकही १८९५ सालीच निघाले. त्याच ‘मनोरंजन’ने १९०९ साली मराठीतील पहिला दिवाळी अंक काढला, आणि १९१० साली चित्रशाळेने ‘चित्रमय जगत्’ हे सचित्र मासिक सुरू केले. छापील मजकुराच्या शेजारी खऱ्याखुऱ्या माणसाचा छापील चेहरा पाहण्याची सवय मराठी वाचकाला लागली ती या काळात.

या विद्येच्या ओढीने एक मराठी तरुण फार दूरवर गेला. धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या फाळक्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुराणवस्तुखात्यात नोकरी केली, आणि ती सोडून १९०८ च्या सुमारास ब्लॉक तयार करण्याचा व छपाईचा कारखाना काढला. तिरंगी छपाईचे तंत्र आत्मसात करण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीस जाऊन आले. तिरंगी छपाई म्हणजे एकाच चित्राचे पिवळा, तांबडा आणि निळा असे तीन जाळीदार ब्लॉक. ते केसभरही न हलता एकावर एक छापले तर सारे रंग उमटतात. भागीदारांशी न पटल्याने फाळके त्या धंद्यातून बाहेर पडले आणि १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. दादासाहेबांना चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून सारे ओळखतात. परंतु त्याआधी ते ठिपक्यांचे कारागीर होते, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

आता या ब्लॉकयुगातील दोन धडे. जाळीची बारकाई ‘इंचाला रेघा किती’ या मापाने मोजली जाई. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला साठ ते पंच्याऐंशी रेघांची जाळी, तर गुळगुळीत आर्ट पेपरला एकशे वीस ते दीडशे रेघांची. बारीक जाळी चांगली म्हणून ती वर्तमानपत्राला वापरली तर शाई कागदात पसरून ठिपके एकमेकांत मिसळत आणि छायाचित्राचे काजळ होई. तेव्हा ठिपके किती हवेत, हे केवळ चित्रावर नव्हे तर कागदावरही ठरते, हा पहिला धडा. दुसरा धडा असा की, ब्लॉक एकदा झाला म्हणजे त्याचे माप कायमचे ठरले. लहान ब्लॉक ओढून मोठा होत नसे. छापलेल्या चित्रावरून नवा ब्लॉक करू गेल्यास जुन्या ठिपक्यांवर नवी जाळी पडे आणि चेहऱ्यावर कापडाच्या विणीसारखी नको ती नक्षी उमटे. जुन्या स्मरणिकांतील छायाचित्रे आज स्कॅन करताना हीच नक्षी दिसते, तिचे कारण हे होय. म्हणून जाणते संपादक छापील चित्र न मागता मूळ छायाचित्र मागत, किंवा तयार ब्लॉकच उसना आणून ‘ब्लॉक अमक्यांच्या सौजन्याने’ अशी कृतज्ञतेची ओळ खाली टाकीत.

पिक्सेलचा जन्म

ब्लॉकची सद्दी चालू असतानाच नव्या ठिपक्याने जन्म घेतला होता. १९५७ साली अमेरिकेच्या मानक संस्थेत रसेल किर्श या संशोधकाने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र एका फिरत्या नळकांड्यावर लावून संगणकात उतरविले. छायाचित्र होते सुमारे दोन इंच चौरसाचे, आणि संगणकाने त्याचे आडवे १७६ व उभे १७६ असे चौकोन पाडले, एकूण ३०,९७६. संगणकात शिरलेले हे पहिले छायाचित्र. १९६५ साली फ्रेड बिलिंग्स्ली या दुसऱ्या संशोधकाने अशा चौकोनासाठी ‘पिक्सेल’ हा शब्द प्रथम छापील लेखात वापरला. चित्राचा घटक, असा त्याचा साधा अर्थ. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन याने फिल्मविना चालणारा कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र होते १०० × १०० म्हणजे दहा हजार पिक्सेलांचे, आणि ते कॅसेटवर नोंदवावयास तेवीस सेकंद लागत. आज खिशातला साधा फोन सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेल क्षणार्धात टिपतो.

शास्त्रीय संज्ञांसाठी भारतीय भाषांत प्रतिशब्द घडविणारा, १९६१ साली स्थापन झालेला वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग दीर्घकाळ आपल्याच आर. के. पुरमच्या वेस्ट ब्लॉकमध्ये राहिला आहे. तरीही वसाहतीतल्या थोरामोठ्यांच्या तोंडी ‘पिक्सेल’ हाच शब्द बसला आहे. तेव्हा आम्हीही तोच वापरतो. मात्र त्याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावयास हवा. जाळीचे ठिपके एकाच काळ्या शाईचे, पण आकाराने लहानमोठे असतात. पिक्सेलचे नेमके उलट. सारे पिक्सेल समान, आणि प्रत्येकाची छटा निराळी. त्याहून महत्त्वाचा भेद असा की, ब्लॉकच्या ठिपक्याला इंचाचे माप असते; पिक्सेलला ते नसते. ‘३६०० × २४००’ असे म्हटले म्हणजे आडवे छत्तीसशे आणि उभे चोवीसशे चौकोन, एवढेच कळते. ते चौकोन टपाल तिकिटावर दाटीवाटीने बसवावयाचे की मांडवाच्या फलकावर ऐसपैस पसरावयाचे, हे छापताना ठरते. शेतात दाणे किती पडले हे पेरणीलाच ठरते. नंतर वाफा रुंद केला म्हणून दाणे वाढत नाहीत.

तीनशे हा आकडा कोठला

मुद्रकाकडे गेले की तो म्हणतो, ‘तीनशेचा फोटो द्या.’ हा आकडा संगणकाने घालून दिला, असे अनेकांस वाटते. वस्तुतः तो त्या जुन्या काचेच्या जाळीतून आला आहे. ऑफसेट यंत्रावर आर्ट पेपरसाठी आजही दीडशे रेघांची जाळी सर्रास वापरतात, फक्त ती आता काचेची नसून संगणक ती आखतो. जाळीच्या प्रत्येक रेघेमागे दोन पिक्सेल मिळाले तर ठिपक्याचा आकार बिनचूक ठरतो, हा अनुभवाचा नियम. दीडशेची दुप्पट तीनशे. म्हणजे कागदाच्या प्रत्येक इंचाला तीनशे पिक्सेल. त्याच न्यायाने पंचाहत्तर रेघांच्या वर्तमानपत्री छपाईला दीडशे पुरतात.

या आकड्याला डोळ्याचीही साक्ष आहे. निकोप डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात निदान एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन लागतो. पुस्तक हातात धरतो त्या बारा इंच अंतरावर हा कोन भरतो इंचाचा सुमारे दोनशे शहाऐंशीवा भाग. म्हणजे तीनशेच्या पुढे नुसत्या डोळ्याला वाढीव बारकाई फारशी दिसत नाही. अंतर दहापट केले, अर्थात दहा फुटांवरून पाहिले, तर इंचाला तीस पिक्सेल पुरतात. मांडवाचा दहा फूट रुंद व सहा फूट उंच फलक दहा फुटांवरून पाहावयाचा असेल तर तो ३६०० × २१६० पिक्सेलांत सुखाने होतो. गंमत अशी की, ३६०० × २४०० चे जे छायाचित्र स्मरणिकेत बारा इंच रुंदीवर थांबते, तेच फलकावर दहा फूट पसरू शकते. ‘फलक एवढा मोठा, मग फोटोही प्रचंड हवा’, ही भीती म्हणून व्यर्थ आहे.

हिशेब आता कोणालाही करता येईल. हव्या त्या इंचांना तीनशेने गुणावे. ए-फोर आकाराचे संपूर्ण पान व्यापावयाचे तर २४८० × ३५०८ पिक्सेल हवेत. सहा इंच गुणिले चार इंचांच्या चित्राला १८०० × १२००. अर्जावर लावतात त्या ३५ × ४५ मिलिमीटरच्या फोटोला ४१३ × ५३१. उलट, हाती किती पिक्सेल आहेत हे ठाऊक असेल तर त्यांना तीनशेने भागावे; येणाऱ्या उत्तराएवढे इंच चित्र निर्धास्तपणे छापावे.

येथे तीन गैरसमज दूर केलेले बरे. पहिला असा की, फाइलवर ‘तीनशे’ असे लिहिले म्हणजे काम झाले. ते निव्वळ पाकिटावरील पत्त्यासारखे आहे. पत्ता बदलल्याने आतले पत्र लांब होत नाही. दुसरा समज असा की, पडद्यावर पाहावयाचे चित्र ‘बहात्तरचे’ असावे लागते. हा आकडा १९८४ सालच्या मॅकिन्टॉश संगणकाच्या पडद्यावरून आला. मुद्रकांचा पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, म्हणून त्या पडद्यावर इंचाला बहात्तर ठिपके ठेवले होते. आजच्या पडद्यांना ते माप लागू नाही. पडद्यासाठी पाहावयाचे ते एवढेच की आडवे-उभे पिक्सेल किती. भिंतीवरच्या साध्या पडद्याला १९२० × १०८० पुरतात. तिसरा समज सरकारी अर्जांनी रुजविला आहे. तेथे फोटो अमुक केबीच्या आत मागतात, म्हणून लोक केबीलाच चित्राचे माप समजतात. केबी म्हणजे फाइलचे वजन. १९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपेग पद्धतीने चित्र दाबून बांधले जाते. तेच चित्र सैल बांधले तर जड, आवळून बांधले तर हलके. वजनावरून गाठोड्यात धोतरे किती हे जसे सांगता येत नाही, तसे केबीवरून पिक्सेल सांगता येत नाहीत.

चेहरा किती उरतो

आता मूळ विषयाकडे वळू. समजा, आपल्या मंडळाच्या एखाद्या जुन्या गणेशोत्सवाचे समूहचित्र आहे. एका रांगेत बारा माणसे उभी आहेत. हे चित्र कोणी मोबाइलवर ‘फॉरवर्ड’ केले. व्हॉट्सॲपच्या नेहमीच्या पद्धतीत पाठविताना मोठे छायाचित्र आपोआप लहान होते. पूर्ण वाढीचे ४००० × ३००० चे चित्र पलीकडे सुमारे १६०० × १२०० होऊन पोहोचते. म्हणजे सव्वा कोटीच्या घरातील पिक्सेलांपैकी एकोणीस लाख उरतात; सहावा हिस्साही नाही. मोबाइलच्या पडद्याची रुंदी तीन इंचांहून कमी आणि तेवढ्यात हजारावर पिक्सेल. म्हणून तेथे उणीव जाणवत नाही. संपूर्ण समूहचित्र अर्ध्या पानावर छापले तरी फारसे बिघडत नाही.

बिघडते ते निराळ्याच प्रसंगी. त्या रांगेतील एक गृहस्थ आज हयात नाहीत. श्रद्धांजलीच्या पानावर त्यांचा फोटो हवा आहे, आणि त्यांच्या कुटुंबीयांजवळ त्या काळातला दुसरा फोटो नाही. सोळाशे पिक्सेल बारा जणांत वाटले तर एकेकाच्या वाट्यास एकशे तेहतीस येतात. त्यातील चेहऱ्याचा भाग एक तृतीयांश धरला तर चव्वेचाळीस. एक इंच रुंद छापावयाचे म्हटले तरी इंचाला चव्वेचाळीस! नाकाच्या जागी तीन चौकोन आणि डोळ्यांच्या जागी दोन डाग. तेच जुने सहा इंची छायाचित्र अल्बममधून काढून इंचाला सहाशे या मापाने स्कॅन केले, तर रुंदीत ३६०० पिक्सेल मिळतात आणि त्या गृहस्थांच्या चेहऱ्यास शंभर. आणि सुदैवाने त्या छायाचित्राची पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह सापडली, तर तिची छत्तीस मिलिमीटर रुंदी इंचाला चार हजार या मापाने स्कॅन करता साडेपाच हजारांहून अधिक पिक्सेल येतात. चेहऱ्यास दीडशेच्या वर. एक इंच रुंदीचा, वर्तमानपत्री छपाईच्या तोडीचा, ओळखू येणारा चेहरा! चेहरा तोच, छायाचित्र तेच, क्षणही तोच. फरक पडला तो, कोणत्या प्रतीवरून आपण काम केले, यामुळे.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने धूसर चेहरा क्षणात रेखीव करून देतात. त्यांचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. पण ती नेमके काय करतात हे जाणले पाहिजे. जे पिक्सेल नष्ट झाले ते त्यांना परत आणता येत नाहीत. लाखो इतर चेहरे पाहून, येथे डोळा असा असावा, असा त्यांचा अदमास असतो. परिणामी चित्र स्वच्छ येते आणि मुलगी म्हणते, ‘हे बाबा नाहीत.’ कथेच्या चित्राला अदमास चालतो. स्मरणिका हा दस्तऐवज आहे, तिला चालत नाही. सरकारी कामकाजात वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्यास हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. कारकुनाने अंदाजाने भरलेल्या रकान्याला नोंद म्हणत नाहीत.

मूळ प्रत सांभाळल्याने काय साधते, याचे उदाहरण आपल्या दिल्लीतच आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ साली दिल्लीस आल्या आणि १९७० पर्यंत त्यांनी या राजधानीचा इतिहास कॅमेऱ्यात टिपला. २०१० साली त्यांनी आपला संग्रह अल्काझी प्रतिष्ठानच्या स्वाधीन केला, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. अर्धशतकापूर्वीचे चेहरे दिल्लीकरांनी तेथे पुन्हा पाहिले. याच्या उलट बाजूही आहे. मळवलीच्या रविवर्मा छापखान्याला १९७२ साली आग लागली आणि तेथील ठेव्याची मोठी हानी झाली. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची संपूर्ण प्रत आज उपलब्ध नाही. एवढी थोर कामे, आणि त्यांची ही गत. तेथे आपल्या अल्बमांची काय कथा!

मंडळापुढे ठेवावयाच्या चार गोष्टी

वरील विवेचनातून जे निष्पन्न होते ते आम्ही मंडळाच्या विचारार्थ मांडतो. छायाचित्र मोबाइलवरून धाडावयाचे झाल्यास ते दस्तऐवज म्हणून जोडावे, किंवा ई-टपालाने मूळ फाइल पाठवावी. म्हणजे पिक्सेल कापले जात नाहीत. व्हॉट्सॲपवर २०२३ पासून ‘एचडी’ची सोय आली आहे, ती नेहमीच्या पद्धतीहून बरी, पण मूळ फाइलची बरोबरी करीत नाही. जुने कागदी फोटो इंचाला सहाशे या मापाने आणि निगेटिव्ह त्याहून पुष्कळ अधिक मापाने स्कॅन कराव्यात, आणि स्कॅन झाल्यावर मूळ वस्तू टाकून देऊ नयेत. दिवसाला टाकाऊ वाटलेली निगेटिव्हची पट्टी वर्षांनी त्या माणसाची एकमेव खूण ठरते. स्कॅन केलेल्या मूळ फाइलला कोणी हात लावू नये. कापणे, उजळणे, लहान करणे हे सारे तिच्या नकलेवर करावे. आणि शेवटची गोष्ट पिक्सेलची नसली तरी सर्वांत निकडीची आहे. फोटोत कोण कोण आहे, साल कोणते, सेक्टर कोणता, हे आजच लिहून ठेवावे. कोटी पिक्सेलांचा चेहराही नाव सांगत नाही. ती नावे सांगू शकणारी वडीलधारी मंडळी आज आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ वही-पेन घेऊन बसण्याचे काम मात्र यंत्राकडे सोपविता येणार नाही.

गणपत कृष्णाजींच्या शिळेपासून हातातल्या फोनपर्यंत साधने पार बदलली. हिशेब बदलला नाही. ठिपके जितके राखले तितकाच माणूस उरतो. मंडळाच्या शताब्दीला जी तरुण मंडळी स्मरणिका काढतील, त्यांना आजची छायाचित्रे लागतील. ती त्यांच्या हाती पुरेशा ठिपक्यांनिशी आणि नावांनिशी पडावीत, एवढी तजवीज या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण सर्वांनी मिळून करावी, अशी आमची नम्र सूचना आहे.